सिडनीच्या वेळेवर

१

आमच्या गावात रोज संध्याकाळी खाणीत बार उडतो. खोल जमिनीखाली सुरुंग फुटतात, खिडकीची तावदानं थरथरतात, कपाटातले कप एकमेकांना लागून किणकिणतात आणि मग पुन्हा सगळं गप्प. ब्रोकन हिलमध्ये जन्मलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. बाहेरून आलेला पाहुणा टेबलाची कड घट्ट पकडतो आणि आम्ही त्याच्याकडे बघून हसतो. बार उडाला की बटाटे उकळायला ठेवायचे, हे माझ्या आईचं होतं आणि माझंही तेच आहे.

माझा नवरा क्लेम ट्रेम्बाथ मिल्ड्युराकडचा. लग्न करून इथे आला, सगळी उमेदीची वर्षं खाणीत घालवली, म्हातारा झाला, तरी गावाच्या लेखी अजून बाहेरचाच. बार उडाला की तो दाण्यांची बादली उचलतो आणि मागच्या अंगणात कबुतरांकडे जातो. शर्यतीची कबुतरं आहेत त्याची. दणक्याने ती बिथरतात म्हणून लगेच जाऊन त्यांच्याशी बोलावं लागतं, असं त्याचं म्हणणं. माझ्याशी दिवसभरात बोलत नाही तेवढं तो त्या वेळात त्यांच्याशी बोलतो. खुराड्याला लागूनच लोखंडी मनोऱ्यावर पावसाच्या पाण्याची जुनी टाकी उभी आहे. म्हणजे होती. मनोऱ्याचे पाय गंजले होते. ती टाकी उतरव म्हणून मी कित्येक वर्षं त्याच्या कानीकपाळी ओरडत होते आणि तो 'पुढच्या महिन्यात' म्हणत होता.

आमच्याकडे टीव्हीचे कार्यक्रम साठवून ठेवणारा एक रेकॉर्डर आहे. क्लेमचे फुटबॉलचे सामने, माझ्या खुनाच्या तपासाच्या मालिका, सगळं त्यातल्या हार्ड डिस्कवर. चालू कार्यक्रमही तो गुपचूप साठवत असतो, त्यामुळे चहा करायला उठलं तरी परत येऊन मागे जाता येतं. या हिवाळ्यात तो बार उडायच्या वेळी अडखळायला लागला. दणका बसला की चित्र गोठायचं, बातम्या देणाऱ्या बाईच्या तोंडाचे चौकोनी तुकडे व्हायचे आणि रेकॉर्डरच्या पोटातून टक्-टक् आवाज यायचा. थोड्या वेळाने बाई पुन्हा जोडली जायची.

"गेला हा," क्लेम म्हणाला. "नवा घे."

"नवा घे म्हणे. तू जुनी टाकी उतरवत नाहीस आणि मी नवा रेकॉर्डर आणू?"

तो बादली घेऊन बाहेर गेला.

२

मी आयुष्यभर शाळेची बस चालवली. बस कुरकुरायला लागली की आधी स्वस्तातलं तपासायचं आणि मग महागातलं, एवढं त्यातून शिकले. रेकॉर्डरचं झाकण उघडलं तर आत लाल माती. हिलमधल्या कुठल्याही वस्तूचं झाकण उघडा, आत लाल मातीच निघते. ती ब्रशने झाडली. पंखा पुसला. शेजारच्या ग्लेनिस पेनहॉलकडून तसाच अडॅप्टर मागून आणला, म्हणजे वीज कमी पडतेय का ते कळेल. डिस्कची केबल बदलली. रेकॉर्डरखाली फोमचा तुकडा ठेवला. संध्याकाळी बार उडाला आणि बाईचे पुन्हा तुकडे झाले.

मग मी बसच्या बेअरिंगला करायचे तेच केलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आत काय चाललंय ते असं स्वच्छ ऐकू येतं. टक्, टक्, मग एक घरघर, मग पुन्हा टक्. लिहिणारा काटा आपली जागा शोधत होता आणि ती त्याला सापडत नव्हती. डिस्क काढून कॉम्प्युटरला लावून पाहिली. खराब झालेल्या जागा भराभर वाढत होत्या. म्हणजे दुखणं डिस्कचंच.

अ‍ॅडलेडहून टपालाने नवी डिस्क मागवली. रेकॉर्डरसाठी वेगळी मिळते, दिवसरात्र लिहीत राहणारी आणि शांत चालीची. चार स्क्रू आणि दोन जोडण्या, बस. जुन्या डिस्कवरचे सामने काही वाचले नाहीत म्हणून क्लेमने दोन दिवस तोंड फुगवलं. रेकॉर्डर चालू केला तेव्हा त्याने पडद्यावर विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसू का. मी हो म्हटलं. मग विचारलं, तुमचं राज्य कोणतं.

आम्ही न्यू साउथ वेल्समध्ये राहतो. मत तिथेच देतो, गाडीची नंबरप्लेटही तिथली. मी न्यू साउथ वेल्स निवडलं आणि झाकणाचे स्क्रू घट्ट करून टाकले. पण आमची घड्याळं मात्र शेजारच्या राज्याच्या, अ‍ॅडलेडच्या वेळेवर चालतात. सिडनीपेक्षा अर्धा तास मागे. त्यामुळे रेकॉर्डरचं घड्याळ अर्धा तास पुढे लागलं. ही चूक सिडनीचा माणूस करू शकत नाही आणि अ‍ॅडलेडचाही करू शकत नाही. ती फक्त आमच्या गावाची आहे आणि प्रत्येक घरात एकदा तरी होतेच.

३

पहिल्याच संध्याकाळी क्लेमने स्वयंपाकघरात हाक दिली.

"व्हर्न, तुझी नवी डिस्क अडखळली!"

"नवी आहे. ती कशाला अडखळेल?"

"मग ही बाई तोंड वेडंवाकडं करून बातम्या का देतेय?"

मी हात पुसत आले. चित्र गोठलं होतं. टक्-टक् चालू होतं. मग सगळं सुरळीत झालं. बार अजून उडालाच नव्हता. अर्ध्या तासाने तो उडाला, तावदानं थरथरली, कप किणकिणले आणि टीव्हीवरच्या बाईच्या केसालाही धक्का लागला नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

"घड्याळ पुढे आहे त्याचं," क्लेम म्हणाला. "सिडनीची वेळ लावलीस तू. हिलची पोरगी म्हणवतेस आणि असा घोळ घालतेस!"

"अरे, घड्याळ पुढे असलं म्हणून दणका आधी बसतो का? मी माझ्या मनगटावरचं घड्याळ पुढे केलं तर मी आधी मरेन का?"

"तुझा भरवसा नाही."

तो हसला, पण मला हसू येईना. डिस्कला घड्याळ कळत नाही. ती गोल फिरते आणि लिहिते, एवढंच तिचं काम. मी रेकॉर्डर क्लेमच्या जुन्या उशीवर, खोलीच्या मधोमध जमिनीवर ठेवला. भिंतीचा संबंध नको, कपाटाचा नको. संध्याकाळी गुडघ्यावर बसून स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि मूठ कानाला लावली.

टक्-टक् सुरू झालं. त्याच्या खाली, लांब कुठेतरी, बार उडाल्याचा घुमारा ऐकू आला. जन्मापासून ऐकतेय, तो मी झोपेतही ओळखेन. आणि त्याच्यामागून कपांची किणकिण आली.

मी मान वळवून कपाटाकडे पाहिलं. कप जागच्या जागी होते. हलत नव्हते. उशीही हलत नव्हती.

मी मूठ कानापासून दूर केली आणि तशीच बसून राहिले. स्वतःला म्हटलं, व्हर्ना, तुझे कान म्हातारे झालेत, रक्ताचा आवाज ऐकतेस तू. पण रक्त किणकिणत नाही.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डरचं राज्य बदललं. घड्याळ गावाबरोबर झालं. त्या संध्याकाळी बार उडाला नेमकी त्याच क्षणी डिस्क टकटकली. पुन्हा सिडनी लावलं. पुन्हा अर्धा तास आधी. हे मी तीनदा केलं, आणि तिन्ही वेळा तसंच झालं.

४

एकदा दुपारी टीव्ही बंद होता आणि रेकॉर्डर आपला काहीतरी साठवत होता. तो टकटकायला लागला. दुपारी आमच्याकडे बार उडत नाही. मी धावत जाऊन स्क्रूड्रायव्हर लावला. चिनी मातीचं काहीतरी खळ्ळकन फुटलं, आणि मग कुणीतरी बाई शिवी हासडून हसली.

घरात त्या वेळी मी एकटी होते. मी उठून सगळ्या बशा आतल्या बाजूला सरकवल्या. फुलदाणी उचलून पलंगावर ठेवली. आईचा मोठा वाडगा सिंकमध्ये टॉवेलवर ठेवला. मग स्वयंपाकघराच्या मधोमध खुर्ची टाकून हाताची घडी घालून बसले. म्हटलं, फोड आता काय फोडायचं ते.

अर्धा तास होत आला आणि मागचं जाळीचं दार ढकलत ग्लेनिस आत आली. तिच्या हातात लॅमिंग्टनची, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेल्या केकच्या वड्यांची बशी होती. दार उलटं येऊन तिच्या कोपराला लागलं. बशी उंबऱ्यावर पडून तिच्या ठिकऱ्या झाल्या. ग्लेनिसने एक सणसणीत शिवी हासडली आणि हसायला लागली.

"माझ्या सासूची होती ती बशी," ती म्हणाली. "बरं झालं, ब्याद गेली! अगं, पण तू का अशी पांढरीफटक? बशी माझी फुटली ना?"

"काही नाही."

"खुर्ची मधोमध का? आणि फुलदाणी कुठे गेली?"

"साफसफाई काढलीय."

"तू? साफसफाई?" तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मी घरातली प्रत्येक बशी सांभाळली होती. फुटायची ती माझी नव्हतीच. त्या दुपारी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली, खोटं कशाला बोलू. जे ऐकू येतं ते टाळता येतं की नाही, हे मला कळेना. पण भीतीपेक्षा राग जास्त आला. माझं घर, माझ्या हाताने बसवलेली डिस्क, आणि तिने मला आधी सांगायचं की आता काय होणार, तेही मी काही करू शकणार नाही अशा थाटात?

रात्री जेवताना क्लेमला सगळं सांगितलं. त्याने चीजची कोशिंबीर वाढून घेतली, गाजराचा कीस काट्याने इकडेतिकडे सारला आणि म्हणाला, "घड्याळ सरळ कर ना. विषय संपेल."

"संपणार नाही. फक्त ऐकू यायचं बंद होईल."

"तेच म्हणतोय मी. कशाला ऐकायचं?"

"तू खाणीत होतास. छत कोसळायच्या आधी लाकडाचे टेकू करकरायचे, तेव्हा कान झाकून घ्यायचास का?"

त्याने काटा खाली ठेवला. मग म्हणाला, "नाही. पळायचो."

"झालं तर मग," मी म्हटलं. घड्याळ सिडनीच्या वेळेवरच राहिलं.

५

मग पाऊस आला. आमच्याकडे तो क्वचित येतो आणि आला की लोक दारात उभे राहून बघतात. दोन दिवस पडला. टाकी काठोकाठ भरली. क्लेम खूश होता.

पाऊस थांबला त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी बातम्यांच्या वेळी उशीशेजारी बसले. हे आता रोजचं झालं होतं. क्लेम टेबलाशी बसून कबुतरांच्या पायातल्या कड्या पुसत होता. टक्-टक् सुरू झालं. बार उडाला, कप किणकिणले. रोज एवढ्यावर थांबायचं. त्या दिवशी डिस्क थांबली नाही.

आधी थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग हाक आली.

"क्लेम! क्लेम, लवकर ये इकडे!"

बाईचा आवाज होता. अंगणातून हाक मारल्यासारखा, थोडा लांबचा. माझाच आवाज. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात. मला तो पहिल्या अक्षराला ओळखू आला. त्याच्यामागून लोखंड वाकल्याचा लांबलचक आवाज, मग धडाम, मग पाणी, मग खूप पंखांची फडफड. आणि मग टीव्हीवरचं चित्र गोठलं आणि डिस्क फिरायची थांबली. पूर्ण थांबली. बऱ्याच वेळाने ती पुन्हा गरगरायला लागली.

"आज जास्त वेळ अडकलं," क्लेम कड्यांवरून नजर न काढता म्हणाला.

मी उठले. विचार करायला अर्धा तास होता आणि मी तो वाया घालवला नाही. आवाजावरून सरळ होतं. बार उडाल्यावर मी अंगणात असणार, क्लेमला हाक मारणार, तो येणार आणि टाकी कोसळणार. ठीक आहे. मी अंगणात जाणारच नाही. हाकही मारणार नाही. तोंडातून त्याचं नाव म्हणून काढणार नाही. बघू या, माझ्याशिवाय माझी हाक कोण मारतं.

मागच्या जाळीच्या दाराला मी आतून कडी लावली.

"आज कबुतरांकडे जाऊ नकोस," मी म्हटलं.

"का? त्यांचा उपास आहे?"

"माझं ऐक. आज फक्त."

"बार उडाला की ती भिंतीवर आपटतात गं. पंख मोडेल एखाद्याचा."

"मोडू दे."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "त्या रेकॉर्डरने काही सांगितलं का तुला?"

"चाळीस वर्षांत मी तुझ्याकडे काय मागितलं?"

"टाकी उतरव म्हणून मागितलंस."

"ते दिलं नाहीस. मग हे दे."

तो कुरकुरला. म्हातारपणी बायकोचं डोकं फिरलं की नवऱ्याचे असे हाल होतात, असं काहीतरी पुटपुटला. पण दाण्यांची बादली मांडीवर घेऊन बसला. मी त्याच्यासमोर बसले. बटाटे चुलीवर ठेवले नव्हते. बाहेर उजेड कमी होत होता आणि टाकीची सावली स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आली होती.

बार उडाला. तावदानं थरथरली, कप किणकिणले. मी खालचा ओठ दाताखाली धरला.

अंगणात कबुतरं फडफडली आणि मग शांत झाली.

"क्लेम! क्लेम, लवकर ये इकडे!"

हाक खुराड्याकडून आली होती.

क्लेमने मान वर केली. दाराकडे बघायला वळला आणि अर्ध्यात थांबला. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे. माझं तोंड मिटलेलं होतं. जिभेला रक्ताची चव लागत होती.

"व्हर्न?" तो हळूच म्हणाला.

मी मान हलवली.

"क्लेम, मी पडलेय रे. पाय अडकलाय माझा. ये ना!"

ती रडत होती. मी तशी रडते, हे मला माहीत नव्हतं. क्लेम खुर्चीतून उठला. त्याला दोष देणार नाही मी. माझ्या रडण्याला तो चाळीस वर्षं उठत आलाय, मी समोर बसलेय म्हणून पाय कसे थांबतील? बादली मांडीवरून सांडली, दाणे फरशीवर पसरले. त्याचा हात दाराच्या कडीपर्यंत गेला. मी टेबलाला वळसा घालून त्याचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं.

दाराच्या जाळीतून मला खुराडं दिसत होतं. त्याच्या दाराशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं. पडलेलं वगैरे नव्हतं. हात खुराड्याच्या खिट्टीवर होता, आणि अंगात पिवळा स्वेटर होता. तो मी स्वतः विणलाय, त्याचं उजवं कोपर मी हिरव्या लोकरीने रफू केलंय. अंधुक उजेडात तो हिरवा ठिपका मला दिसला. माझ्या अंगावरच्या स्वेटरचं हिरवं कोपर त्या वेळी क्लेमच्या पोटात रुतलं होतं.

ती वळायला लागली.

"मी इथे आहे!" मी ओरडले. सगळा ताण त्या ओरडण्यात बाहेर पडला. "ऐकतेस का गं? मी इथे आहे, आणि हाही इथेच राहणार! माझ्या आवाजात माझ्या नवऱ्याला बोलावतेस? चल, चालती हो!"

लोखंड वाकायला लागलं. तो आवाज मी आधी ऐकलेलाच होता.

६

पाणी उंबऱ्यापर्यंत आलं. खुराडं राहिलंच नाही. खाली नुसते पत्रे आणि फळ्या होत्या आणि पत्र्यांच्या खाली कुणी नव्हतं. क्लेमने एकेक पत्रा उचलून पाहिला, मीही त्याच्याबरोबर पाहिला. अर्धीअधिक कबुतरं मेली होती. बाकीची छपरावर जाऊन बसली होती. क्लेम मेलेल्या कबुतरांना एकेक करून उचलत होता आणि प्रत्येकाला नावाने हाक मारत होता. मला फार वाईट वाटलं. पण तो उचलणारा होता, उचलला गेलेला नव्हता, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

ग्लेनिस कुंपणावरून डोकावली.

"देवा रे! कुणाला लागलं तर नाही ना? व्हर्ना, तू बरी आहेस? पाय कसा आहे?"

"पायाला काय झालं?"

"अगं, मागे पडलीस म्हणून ओरडत होतीस ना तू? मी चप्पल शोधेपर्यंत हे धडाम झालं."

क्लेमने हातातलं कबुतर खाली ठेवलं.

"बरी आहे ती," तो म्हणाला. "माझ्याजवळच होती."

दोन दिवसांनी मी रेकॉर्डरचं राज्य बदलायला रिमोट हातात घेतला. म्हटलं, त्याला नको असेल तर सरळ करून टाकते, अजून किती ओढायचं. क्लेमने माझ्या हातातून रिमोट काढून घेतला.

"सिडनीच्याच वेळेवर राहू दे," तो म्हणाला. "करकरणारं लाकूड काढून टाकायचं नसतं."

आता संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर तोच कानाला लावतो. त्याचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, निदान त्याचं तसं म्हणणं आहे. नवं खुराडं आम्ही पुढच्या अंगणात बांधलं, उघड्यावर, जवळपास काही उंच नाही अशा जागी. बार उडाल्यावर दोघं मिळून जातो. ग्लेनिस म्हणते, म्हातारपणी यांना एकमेकांचा लळा लागलाय. म्हणू दे.

काल क्लेम उशीशेजारी बसला होता. टीव्हीवरची बाई गोठली, टकटक झाली आणि त्याचा चेहरा बदलला. त्याने स्क्रूड्रायव्हरची मूठ माझ्या कानाला लावली. बार उडाल्याचा घुमारा संपत आला होता. किणकिण. शांतता. मग क्लेमचा आवाज.

"व्हर्न, जरा बाहेर ये ना. काय सापडलंय बघ."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो उठला. मागच्या दाराची कडी लावली आणि दाराला स्वतःची खुर्ची लावून तिच्यात बसला. मी बटाटे उकळायला ठेवले. बार उडण्याची वाट बघत बसायला मला आवडत नाही, म्हणून मी पानंही आधीच मांडली. या वेळी काय पडणार आहे हे आम्हाला माहीत नाही. कुणी सांगितलंही नाही.

बार उडाला. कप किणकिणले. क्लेमने टेबलावरून हात पुढे करून माझं मनगट धरलं.

"व्हर्न," अंगणातून त्याचाच आवाज आला, अगदी मायेने, "जरा बाहेर ये ना."

"जरा?" मी म्हटलं. "क्लेम, चाळीस वर्षांत तू मला कधी 'जरा' म्हणालायस का?"

"कधीच नाही," क्लेम म्हणाला. त्याची पकड घट्ट झाली. मनगट दुखत होतं आणि मी ते सोडवून घेतलं नाही. बाहेरून पुन्हा हाक आली, या वेळी दाराच्या अगदी जवळून. खुर्चीच्या पाठीमागे कडी थोडी वाजली.

"बटाटे वाढ," क्लेम मोठ्याने म्हणाला.

मी एका हाताने वाढले.